सामायिक खतावणी आणि उतावीळ तपासनीस

वीज अवचित गेली, लिहिता लिहिता यंत्र बंद पडले, म्हणजे संगणकाच्या तबकडीवरील नोंदी अर्धवट राहतात. एकच जागा दोन फायलींच्या नावे लागते, तर एखादी कोणाच्याच नावे उरत नाही. लिनक्स प्रणालीत यंत्र पुन्हा सुरू होताना ‘एफएससीके’ हा तपासनीस या नोंदी ताडून हिशेब जुळवतो. कोणता साठा आरंभीच तपासावयाचा, हे ‘एफएसटॅब’ या यादीतील प्रत्येक ओळीच्या शेवटच्या आकड्यावरून ठरते: १ मूळ साठ्यासाठी, २ इतरांसाठी आणि ० म्हणजे तपासणी नको.

एका यंत्राच्या संसारात ही व्यवस्था उत्तम होय. परंतु साठा एक आणि त्यात एकाच वेळी लिहिणारी यंत्रे अनेक, अशी स्थिती असली की हाच तपासनीस घातक ठरतो. चार कारकून एका खतावणीत लिहीत बसले असावेत आणि नुकताच कचेरीत आलेल्या पाचव्याने, कोणासही न विचारता, अपुऱ्या ओळी चुकीच्या समजून खोडाव्यात, तसा हा प्रकार. वास्तविक त्या ओळी चुकीच्या नसतात. त्या लिहिल्या जात असतात! यंत्र जागे होत असता सोबत्यांशी त्याचे बोलणेच सुरू झालेले नसते. मग साठा दुसरीकडे वापरात आहे, हे त्यास कळावे कसे? इकडे खोडाखोड होते, तिकडे इतर यंत्रे स्मरणातील जुन्या चित्रावर विसंबून लिहीत राहतात, आणि धडधाकट साठा बिघडतो.

२००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या ‘जीएफएस२’ या पद्धतीत प्रत्येक यंत्राची कीर्द वेगळी असते. एखादे यंत्र कोसळले तर सोबती प्रथम त्यास साठ्यापासून तोडतात. हे तोडणे निर्दयपणाचे दिसले तरी आवश्यकच; अर्धमेले यंत्र मध्येच लिहू लागले तर अनर्थ व्हावयाचा. मग त्याची कीर्द वाचून त्याचे अपुरे व्यवहार मार्गी लावतात. ते यंत्र पुन्हा उठते तेव्हा सहसा निस्तरण्याजोगे काही उरलेलेच नसते.

म्हणून अशा साठ्यापुढे ० लिहितात. खरोखरच बिघाड झाल्यास सर्व यंत्रांवरून साठा उतरवून तपासणी हाताने करतात. साठा प्रचंड असल्यास तासन्‌तास खोळंबा होतो. त्याच वर्षी गाभ्यात आलेल्या ‘ओसीएफएस२’चा तपासनीस तेवढा सावध आहे: साठा कोठे वापरात नाही ना, हे तो समूहाला आधी विचारतो. ही विचारपूस टाळण्याची सोयही त्यात आहे. घाईत असलेल्या माणसाच्या हाती ती न पडलेली बरी.