घरपोच नर्सिंग सेवा सुरू करताय? आधी या तीन गोष्टी पक्क्या करा



माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. फाउलर बेड, वॉकर, एअर मॅट्रेस विकते, भाड्यानेही देते. बेड न्यायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देता देता हमखास विचारतं, "ताई, ओळखीत एखादी चांगली सिस्टर आहे का?" मुलं नोकरीसाठी लांब, घरात वयस्कर आईवडील, नुकतंच झालेलं खुब्याचं ऑपरेशन. मागणी आहे, यात शंकाच नाही. म्हणूनच आमच्या प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं तरी नर्सिंग ब्युरो काढायचं ठरवून आलेले असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भांडवल किती लागेल?

खरं सांगू? भांडवल फार लागत नाही. एक फोन, छोटं ऑफिस आणि ओळखी असल्या की ब्युरो सुरू होतो. आणि धोका नेमका इथेच आहे. किराणा दुकानातून खराब डाळ गेली तर ती परत घेता येते. चुकीचं दिलेलं इंजेक्शन परत घेता येत नाही. त्यामुळे बोर्ड रंगवायच्या आधी तीन गोष्टी समजून घ्या : कायदा, नेतृत्व आणि गुणवत्ता.

१. कायदा : कोणाला काय म्हणून पाठवताय?

रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, धरून चालवणं हे काम प्रशिक्षित मावशी किंवा केअरटेकर करू शकतात. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं काम, आणि तेही डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. शिक्षण झालं तरी नोंदणी हवीच. आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल ही नोंदणी करतं. तेव्हा प्रत्येक नर्सचं नोंदणी प्रमाणपत्र स्वतः पाहा, मुदत तपासा, प्रत फाईलला लावा. "दहा वर्षं दवाखान्यात होते" हा अनुभव झाला, नोंदणी नव्हे. मावशींना पांढरा कोट घालून "सिस्टर" म्हणून पाठवणं ही रुग्णाची फसवणूक आहे, मग रेट कितीही कमी लावा.

"आम्ही फक्त ओळख करून दिली, पुढचं आम्हाला माहीत नाही," असं म्हणणारे बरेच ब्युरोवाले भेटतात. या वाक्यावर विसंबू नका. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केलं. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. तुमच्या माणसाने कामावर असताना निष्काळजीपणा केला तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावरही येऊ शकतो. म्हणून कुटुंबाशी लेखी करार करा. त्यात कोणती कामं होतील, कोणती होणार नाहीत, तब्येत बिघडली तर कोणत्या डॉक्टरांना फोन जाईल, हे साध्या मराठीत लिहा. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, जीएसटी आणि व्यावसायिक विमा याबद्दल सीए आणि विमा सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण विचारतात. तुमची नर्स परक्या घरात, बऱ्याचदा रात्रपाळीला एकटी असते. तिची सुरक्षितता कोणाकडे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.

२. नेतृत्व : काम सोपवलं तरी जबाबदारी तुमचीच

नर्सिंगमध्ये काम सोपवण्याचे पाच प्रश्न शिकवतात. हे काम सोपवण्यासारखं आहे का? रुग्णाची आताची अवस्था पाहता सोपवावं का? माणूस योग्य आहे का? सूचना स्पष्ट दिली का? आणि नंतर बघायला कोण जाणार? ब्युरोमध्ये पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं कशीबशी मिळतात. पाचव्याला सगळे गप्प! म्हणून सुरुवातीपासून एक अनुभवी नोंदणीकृत नर्स सुपरवायझर म्हणून ठेवा, अर्धवेळ का होईना. पहिल्या दिवशी तिने घरी जाऊन रुग्ण पाहायचा, नंतर ठरलेल्या दिवशी भेट द्यायची.

दुसरं, चूक सांगणाऱ्याला ओरडू नका. डोस चुकला हे नर्सने लगेच कळवलं तर डॉक्टरांना विचारून पुढचं नुकसान टाळता येतं. पगार कापायची भीती असेल तर ती गप्प बसेल आणि तुम्हाला बातमी थेट नातेवाइकांकडून कळेल. आधी रुग्ण सांभाळा, मग कारण शोधा. दोन औषधांच्या पट्ट्या सारख्या दिसत होत्या का? सलग दुसरी पाळी होती का? तिथे सुधारणा करा.

३. गुणवत्ता : जे लिहिलं नाही ते झालं नाही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांची शुश्रूषा करायला गेल्या. पुढे त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडून दाखवलं, की जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले. हे दाखवता आलं, कारण नोंदी हाताशी होत्या. तुम्हाला महागडं सॉफ्टवेअर नको, दोनशे पानी वही पुरते. पण रोज भरली पाहिजे.

त्यात चार गोष्टी हव्याच :

- औषध : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. दिल्यावर लगेच सही.
- कूस बदलणं : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची साधारण दर दोन तासांनी. बेडसोअर एकदा झाला की रुग्णाचे हाल होतात आणि तुमचं नावही जातं.
- स्वच्छता : रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुणं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई टोचून बाहेर येणार नाही अशा घट्ट डब्यातच टाकायची.
- पाळी बदलताना : आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, पुढे काय करायला हवं. या चार ओळी तोंडी सांगायच्या आणि लिहायच्यासुद्धा.

मग रेट कसा काढायचा?

आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. समजा, बारा तासांच्या पाळीचे कुटुंबाकडून १२०० रुपये घेतले आणि नर्सला ९५० दिले. उरलेले २५० म्हणजे नफा, असं वाटतं ना? त्यातून सुपरवायझरच्या भेटी, विमा, ऑफिसचं भाडं, आयत्या वेळी सुट्टी पडली तर बदली माणूस, हे सगळं वजा करा. मग जे राहील ते तुमचं. शेजारचा ब्युरो ९०० मध्ये "सिस्टर" देत असेल तर त्याने यातलं काय गाळलंय, ते गिऱ्हाइकाला शांतपणे विचारायला सांगा. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणावं, एवढंच!

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या ब्युरोच्या कराराचं एक पान हाताने लिहून काढा. आम्ही काय करू, काय करणार नाही, अडचण आली तर कोणाला फोन. मग ते वाचून स्वतःला विचारा : माझ्या आईसाठी मी याच ब्युरोला फोन केला असता का? उत्तर "हो" आलं की मग खुशाल बोर्ड रंगवायला टाका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.