शब्द कळला, दांडा नाही कळला: ‘झीरो’ विमानाचं कॉकपिट वाचताना

आज आपण बसणार आहोत दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलाच्या ‘झीरो’ या लढाऊ विमानात. हातात त्या काळची जपानी माहितीपुस्तिका आहे असं समजा. प्रश्न साधा आहे: समोरचा कुठला दांडा काय करतो?

पहिली अडचण वाचण्याचीच. तेव्हा जपानी मजकूर आडवा लिहिला की बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे जायचा. उंची दाखवणाऱ्या यंत्राचं नाव ‘को-दो-केई’. तीन चित्राक्षरं: उंच, प्रमाण, मापक. डावीकडून वाचलंत तर ‘केई-दो-को’, आणि शब्दकोशात काहीच सापडणार नाही.

बरं, शब्द सापडला. पुढे? ‘क्याकु’ म्हणजे पाय. विमानाचे पाय म्हणजे चाकं, हे लक्षात येतं. ‘सागे-योकु’ म्हणजे खाली करायचा पंख, म्हणजेच फ्लॅप. पण ‘युआत्सु’ बघा. शब्दशः अर्थ ‘तेलाचा दाब’. आता हे तेल इंजिनाच्या वंगणाचं, की चाकं वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचं? जपानीत दोन्हींसाठी हाच शब्द चालतो. इथे शब्दकोश बाजूला ठेवायचा आणि आकृतीतली नळी कुठे जाते ते बघायचं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब अमेरिकी विमानात इंच पाऱ्यात, एकूण दाब म्हणून दाखवत. जपानी काट्यावर मात्र शून्य म्हणजे बाहेरचा नेहमीचा दाब, ७६० मिलिमीटर पारा. त्याच्या वर अधिक, खाली उणे. म्हणजे काटा ‘अधिक २५०’ वर असेल तर एकूण दाब झाला १०१० मिलिमीटर, साधारण ४० इंच. तो ‘अधिक’ नजरेतून सुटला, तर जोरात पळणारं इंजिन तुम्हाला जेमतेम चालतंय असं वाटेल. मग तुम्ही आणखी रेटणार!

आणि सवयीचं काय? अमेरिकी वैमानिकाचं बोट गोळीबारासाठी उजव्या हातातल्या दांड्यावर जाणार. झीरोमध्ये गोळीबाराचा खटका डाव्या हाताशी, थ्रॉटलवर.

हे सगळं एकदा खरोखर करावं लागलं. जून १९४२ मध्ये तादायोशी कोगा या वैमानिकाने अलास्कातल्या अकुतान बेटावर झीरो उतरवलं. जमीन घट्ट वाटली, पण होती दलदल. चाकं रुतली, विमान उलटलं, कोगा जागीच गेला. विमान मात्र बरंचसं शाबूत राहिलं. अमेरिकनांनी ते सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उडवलं.

तेव्हा कळलं, की वेग वाढला की पंखांवरचे एलेरॉन जड होतात. नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरच्या रचनेमुळे इंजिन अडखळतं. म्हणजे झीरो मागे लागलं तर काय करायचं, याचं उत्तर मिळालं: जोरात सूर मारायचा आणि वेगात असतानाच वळायचं.

तर मंडळी, अशी पुस्तिका वाचायची म्हणजे तीन गोष्टी जुळवायच्या: अक्षर, आकृती आणि यंत्र. अक्षर नाव सांगतं, आकृती जोडणी दाखवते. खरा स्वभाव शेवटी यंत्रच दाखवतं. भेटूया पुढच्या भागात!