काठीचे दुसरे टोक

जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात ब्राँझचा एक पुतळा आहे. पुढे एक लहान मूल, मागे एक म्हातारा आणि दोघांच्या मध्ये एक काठी. म्हाताऱ्याला दिसत नाही. काठीचे पुढचे टोक धरून मूल त्याला वाट दाखवते आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांत हे दृश्य एके काळी रोजचे होते. शाळेत जायच्या वयाचे पोर काठीला बांधले जाई. पुढे त्याचीही नजर गेली, की काठी धरायला दुसरे पोर लागे.

श्रोतेहो, या रोगाला 'रिव्हर ब्लाइंडनेस' म्हणतात. नदीकाठचे आंधळेपण. पण नदीचे पाणी पिऊन कोणी आंधळे होत नाही. दोष आहे तो एका चिमुकल्या काळ्या माशीचा. ही माशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिच्या अळ्यांना प्राणवायूने भरलेले, दगडांवरून उसळत जाणारे पाणी लागते. म्हणजे नदी जिथे खळाळते, नेमकी तिथेच माशी. दिवसाउजेडी शेतात राबणाऱ्या माणसाला ती चावते आणि त्या दंशातून एका जंताची पिल्ले त्याच्या अंगात शिरतात.

या जंताचे नाव ऑन्कोसर्का व्हॉल्व्हुलस. त्याची मादी दोऱ्यासारखी बारीक आणि जवळजवळ अर्धा मीटर लांब असते. कातडीखालच्या गाठीत वेटोळे घालून ती १० ते १५ वर्षे जगते. रोज हजाराच्या आसपास सूक्ष्म पिल्ले सोडते. ही पिल्ले कातडीतून फिरतात तेव्हा अंगाला अशी खाज सुटते की माणसाला झोप येत नाही. कातडीवर बिबट्याच्या अंगासारखे डाग पडतात. पिल्ले डोळ्यांत पोचतात आणि तिथे मरतात, तेव्हा दाह होतो. वर्षानुवर्षे हे चालले की बुबुळ पांढरे पडते आणि नजर जाते. एका दंशाने हे होत नाही. हजारो दंश लागतात. म्हणूनच नदीला सर्वांत जवळ असलेल्या गावांत सर्वांत जास्त आंधळे. शेवटी लोक काळीभोर सुपीक जमीन सोडून दूरच्या खडकाळ माळावर राहायला गेले.

१९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर संस्थांनी पश्चिम आफ्रिकेत मोहीम उघडली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर दर आठवड्याला अळीनाशक फवारायचे. पण माणसाच्या अंगातली मादी फवाऱ्याने मरत नाही. ती म्हातारी होऊन मरेपर्यंत नव्या माश्या होऊ द्यायच्या नाहीत, असा तो हिशेब होता. मध्येच अळ्या औषधाला दाद देईनाशा झाल्या, म्हणून औषधे बदलावी लागली. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटरवरून नव्या माश्या येत, म्हणून मोहिमेचा मुलूख वाढवावा लागला. २००२ साली ती संपली तेव्हा ६ लाख लोकांचे आंधळेपण टळले होते आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीजोगी झाली होती.

दरम्यान औषध सापडले होते. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो गावाजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून गुराढोरांच्या जंतांवर आयव्हरमेक्टिन हे औषध काढले. हे माणसालाही चालेल, असे कॅम्पबेल यांना वाटले. मूळचे बांगलादेशचे डॉक्टर मोहम्मद अझीझ त्याच कंपनीत होते. त्यांनी १९८१ मध्ये सेनेगलमधल्या डाकार येथे रुग्णांवर पहिली चाचणी घेतली. औषध लागू पडले. पण ज्यांना ते हवे होते त्यांच्या खिशात पैसा नव्हता. १९८७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की लागेल तेवढे आणि लागेल तितकी वर्षे हे औषध फुकट देऊ. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. अझीझ मात्र १९८७ सालीच वारले होते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. पण खरे काम त्यापुढेच आहे. हे औषध पिल्ले मारते, मादीला काही महिने वांझ करते, मारत नाही. म्हणून गोळी दरवर्षी घ्यायची, तीही गावातल्या बहुतेकांनी, अंगात काही दुखत नसतानाही. डॉक्टर इतक्या गावांत पोचणार कसे? तेव्हा गावांनीच आपापली माणसे निवडली. वही घेऊन ती घरोघर जातात. वजनकाटा नसतो, म्हणून खुणा केलेल्या काठीने उंची मोजतात आणि किती गोळ्या द्यायच्या ते ठरवतात. मध्य आफ्रिकेच्या काही भागांत लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आहे. तो रक्तात फार असेल तर हीच गोळी जिवावर बेतू शकते. तिथे आधी रक्त तपासावे लागते.

या चिकाटीला फळ आले. कोलंबिया २०१३, इक्वेडोर २०१४, मेक्सिको २०१५, ग्वाटेमाला २०१६ आणि जानेवारी २०२५ मध्ये नायजर, हा आफ्रिकेतला पहिला देश. नायजरमध्ये माश्यांविरुद्ध फवारणी १९७६ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आफ्रिकेतल्या इतर अनेक देशांत काम अजून चालूच आहे.

हा रोग आपल्याकडे नाही. पण त्या जंताचा भाऊबंद आपल्याकडे हत्तीरोग देतो. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाविरुद्ध इतर दोन औषधांबरोबर आयव्हरमेक्टिनही घरोघर दिले गेले. 'मला काही झालेले नाही' म्हणत गोळी खिशात टाकणारे आपल्यातही थोडे नाहीत. आरोग्यसेविका समोर उभी राहून 'माझ्यासमोर घ्या' म्हणते, तेव्हा रागावू नये. जंताकडे वर्षे भरपूर असतात. त्याच्याहून एक वर्ष जास्त टिकायचे, एवढेच आपल्याला करायचे असते. त्या पुतळ्यातल्या मुलाच्या हातून काठी सुटली ती अशीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)