परळीची राख आणि तपासणीची तारीख

बीड जिल्ह्याच्या भूगर्भात कोळसा नाही. जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे, तर राज्यातला कोळसा मुख्यतः वर्धा खोऱ्यातील गोंडवाना खडकांत, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळकडच्या खाणींत सापडतो. त्यामुळे परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राला लागणारा सगळा कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून बाहेरूनच आणावा लागतो. असे असूनही कोळशाच्या पर्यावरणीय तपासणीतला अधिक चिवट भाग याच जिल्ह्याच्या वाट्याला आला आहे, कारण खाणीत पडलेला खड्डा खाणीजवळ राहतो आणि कोळशातला न जळणारा अंश, म्हणजे राख, परळीत मागे उरते.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. परळीचे प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे अंदाजे ७०० ग्रॅम कोळसा धरला तरी रोज बारा हजार टनांहून अधिक कोळसा जळतो आणि चार हजार टनांच्या आसपास राख उरते. यातील सुमारे ८० टक्के राख धुराबरोबर वर जाणारी उडती राख असते, जी विद्युतभारित पत्र्यांच्या संयंत्रात अडवली जाते, तर उरलेली जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. कोरडी उचलली न जाणारी राख पाण्यात कालवून नळांवाटे दाऊतपूर परिसरातल्या राखेच्या तलावात सोडली जाते.

या तलावाची पाहणी बांधापासून सुरू होते. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल किंवा अवेळी हिरवे गवत दिसले, तर आतून पाझर आहे असे समजून तेथे थांबावे लागते. बेसॉल्टच्या भेगांतून हे पाणी आसपासच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकत असल्याने विहिरींचेही नमुने घेऊन त्यांत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांसारखे धातू तपासले जातात. तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान आणि तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. नमुना घेण्याची रीतही १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बांधून दिली आहे: आधी कारखान्याला सूचना, मग त्याच्या प्रतिनिधीसमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही बाटल्यांना मोहोर आणि दोन्ही पक्षांच्या सह्या. ही रीत चुकली, तर पाणी कितीही गढूळ असले तरी न्यायालयात ते पुरावा ठरत नाही; म्हणून अनुभवी अधिकारी बाटलीतल्या पाण्याइतकेच तिच्या बुचावरच्या लाखेकडेही लक्ष देतो.

मात्र परळीत खरा प्रश्न पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाचा आहे. ओली राख निरुपद्रवी भासते. तिच्या पृष्ठभागावर पांढरट, हलके पोकळ गोळे फेसासारखे तरंगताना दिसतात. तीच राख वाळली की तिच्यावर पापुद्रा धरतो, तो तडकतो, आणि त्याखालची पूड चिमटीत घेतली तर पिठापेक्षा मऊ लागते, कारण तिचे कण काचेसारखे गोल आणि डोळ्यांना वेगळे न दिसण्याइतके बारीक असतात. ही पूड वाऱ्याने उठू नये म्हणून तलावावर पाण्याचा थर ठेवणे, रस्त्यावर टँकरने पाणी मारणे आणि राख वाहणारे हायवा ट्रक ताडपत्रीने झाकणे हे उपाय सांगितले जातात, आणि यांतले पहिले दोन पूर्णपणे पाण्यावर अवलंबून आहेत. ज्या केंद्राला २०१५ मध्ये पाण्याअभावी वीजनिर्मितीच बंद करावी लागली, त्याच्या राखेवर उन्हाळ्यात शिंपडायला पाणी कोठून येणार, हा प्रश्न तपासणीच्या छापील नमुन्यात कोठेही विचारलेला नसतो.

हवेचे मोजमाप त्यामानाने सरळ आहे. काचतंतूंच्या गाळणीतून २४ तास हवा ओढायची आणि गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन पाहायचे. १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमहून जास्त असू नयेत, अशी २००९ ची राष्ट्रीय मर्यादा आहे. गोम आहे ती यंत्र कोठे आणि कधी ठेवले यात. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पावसाची सर पडून गेल्यावर ठेवलेले यंत्र खोटे बोलत नाही, पण उपयोगाचेही काही सांगत नाही.

केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला असून सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव हे त्याचे मुख्य मार्ग आहेत. परळीच्या वीटभट्ट्यांना ही राख फार दिवसांपासून ठाऊक आहे; परंतु वापर वाढला की उपसा आणि वाहतूकही वाढते, आणि तलावात निजलेली धूळ रस्त्यावर येते. तेव्हा परळीच्या राखेविषयीचा कोणताही अहवाल हाती आला, तर वाचकाने आकड्यांच्या आधी त्यावरची तारीख पाहावी, आणि ती ऑगस्टची असल्यास एप्रिल-मेमधला अहवाल मागावा.