पडद्यावरील श्वास आणि जाळ्यावरील रांग

गेल्या पावसाळ्यातील प्रसंग. तालुक्याच्या गावातील एका छोट्या रुग्णालयातून दहा महिन्यांचे बाळ मला व्हिडिओ कॉलवर दाखविण्यात आले. ताप आणि खोकला होता. पडद्यावर छातीची हालचाल पाहून मी श्वास मोजले. मिनिटाला ४४ भरले. बाळाजवळ उभ्या असलेल्या सिस्टरनी मोजले, ते ५८! दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, हे आपण सारे जाणतो. माझ्या आकड्यावर विसंबलो असतो तर न्यूमोनिया निसटला असता. चित्र मधूनमधून गोठत होते आणि त्या क्षणांतील श्वास माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

चौकशीअंती कळले की तेथील इंटरनेट पुरेसे वेगवान होते. परंतु त्याच वेळी दिवसभराच्या नोंदींचा बॅकअप बाहेर जात होता.

जाळ्यावरून आवाज वा चित्र अखंड धारेने जात नाही. पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांनी जाते. साध्या इंटरनेट-संभाषणात बहुधा दर २० मिलिसेकंदांस एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. राउटरपाशी सर्वांची एकच रांग लागते. बॅकअपचे पॅकेट उशिरा पोहोचले तरी चालते, हरवले तर पुन्हा मागविता येते. संभाषणात मात्र उशिरा आलेले पॅकेट हरवल्यातच जमा!

येथे विकार तीन: विलंब, विलंबातील चढउतार म्हणजे जिटर, आणि पॅकेटांची गळती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट. जिटरवर उतारा म्हणून पॅकेटे क्षणभर साठवून समान गतीने सोडतात. परंतु साठवण वाढवावी तसा विलंबही वाढतो. औषधाच्या मात्रेसारखेच हे!

मूळ उपाय म्हणजे सेवेच्या गुणवत्तेची हमी. १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत प्रत्येक संभाषणासाठी मार्गातील राउटरांवर जागा राखून ठेवली जाई; मोठ्या जाळ्यात इतक्या नोंदी सांभाळणे अवघड. १९९८ च्या पद्धतीत पॅकेटाच्या शीर्षावर सहा बिटांची खूण करतात; आवाजासाठी ४६ हा अंक रूढ आहे. खूण पाहून राउटर ते पॅकेट वेगळ्या, अग्रक्रमाच्या रांगेत घेतो. आपल्या आपत्कालीन कक्षातील वर्गवारी याहून वेगळी नाही. मात्र प्रत्येकास लाल पट्टी बांधली तर तिला अर्थ उरत नाही. म्हणून या रांगेलाही मर्यादा घालावी लागते.

ही खूण सार्वजनिक इंटरनेटवर पाळली जाईलच असे नाही. परंतु कोंडी पुष्कळदा आपल्याच इमारतीच्या दारात असते. तेथे व्हिडिओ सल्ल्यास अग्रक्रम द्यावा, बॅकअप रात्री घ्यावा, बाहेर जाणारा एकूण ओघ जोडणीच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी राखावा, म्हणजे रांग आपल्याच राउटरवर, आपल्या नियंत्रणात राहते. वाय-फायऐवजी वायर वापरावी.

आणि एवढे करूनही श्वास बाळाजवळच्या व्यक्तीनेच पूर्ण एक मिनिट मोजावेत. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की रुग्णास प्रत्यक्ष पाहावे, हा निर्णय मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनीही डॉक्टरांच्याच विवेकावर सोपविला आहे. त्या बाळाला मी त्याच संध्याकाळी बोलावून घेतले. ते बरे होऊन घरी गेले. त्याचे श्रेय मात्र सिस्टरांच्या मोजणीला!