डोंबिवली स्टेशनचा कोड

पायथन शिकताय? मग १, १२१, १२३२१... अशा नऊ ओळी छापून बघा. पहिला प्रयत्न ठरलेला: बाहेर एक लूप, आत चढत्या-उतरत्या आकड्यांचे दोन. उत्तर बरोबर, पण कोड लांबलचक! आता आकड्यांकडे नीट बघा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. म्हणजे दर फेरीत संख्येला दहाने गुणा, एक मिळवा, वर्ग छापा. एकच लूप पुरतो. दहाव्या ओळीला मात्र हातचा येतो आणि नक्षी बिघडते, म्हणून नऊचीच अट.

या ‘डेम्लो’ संख्या. ठाण्यात शाळा शिकलेल्या द. रा. कापरेकरांना त्या सुचल्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आपल्या डोंबिवली स्टेशनात. फास्ट लोकल चुकली? पुढची येईपर्यंत कोड लिहून होईल!