वापरलेला वॉकी-टॉकी : दोष यंत्राचा कीं टेकडीचा?

नदीवरील पंपापाशीं एक माणूस, मळ्यांत दुसरा, आणि मोबाइलची रेंज नाहीं. अशा ठिकाणीं वापरलेल्या वॉकी-टॉकीची जोडी स्वस्तांत घ्यावीशी वाटणें साहजिक आहे. परंतु दाम मोजण्यापूर्वीं दोष यंत्राचा कीं जागेचा, हें पारखावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

प्रथम शंभर पावलांवरून बोलावें. तेथेंच आवाज तुटल्यास दोष यंत्राचा समजावा. ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरतां ८.४ व्होल्ट दाखविते. तरीही बोलण्याचें बटण दाबतांच यंत्र बंद पडल्यास ती थकलेली तरी असावी, किंवा तिचीं टोकें मळलेलीं तरी असावींत. दोन्ही यंत्रांची फ्रीक्वेन्सी व टोन एकच असावा. अँटेना लावल्याखेरीज बटण कदापि दाबूं नये. आंतील ट्रान्झिस्टर जळण्याचा संभव असतो.

जवळ चालतें व दूर बंद पडतें, तर दुरुस्तीवर पैसा घालूं नये. दीड मीटर उंचीवरील दोन यंत्रांस सपाट मैदानांतही सुमारें १० किलोमीटरपलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते; टेकडी व उभा ऊस हा पल्ला पुष्कळच घटवितात. मोकळ्या जागेंतही शक्ति चौपट केल्यास पल्ला दुप्पटच होतो. त्यापेक्षां उंचवट्यावर चढणें लाभाचें.

भारतांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील अल्पशक्तीच्या यंत्रांस २०१८ च्या नियमांनीं परवाना माफ आहे. इतर यंत्र चौकशीवांचून वापरूं नये.

आणि पलीकडून उत्तर आल्याखेरीज निरोप पोंचला असें समजून पंपाची कळ दाबूं नये. तेथें कोणाचा हात यंत्रांत असूं शकेल.